एक मिलिमीटर म्हणजे दोन सेंटिमीटर: रेसिंग कारच्या मॉडेलचे बारीक पार्ट घरी कसे बनवायचे

(हा आपल्या पॉडकास्टच्या ताज्या भागाचा लिखित मजकूर. ऐकताना आकडे डोक्यात राहत नाहीत, अशी तक्रार बऱ्याच जणांची असते. म्हणून आकडे आणि यादी इथे नीट मांडली आहे. बोलण्यातली भाषा मात्र आहे तशीच ठेवलीय.)

००:०० सुरुवात

सोयगावातून बोलतोय. आजचा विषय हातांनी करायचा आहे, त्यामुळे ऐकता ऐकता समोर एक पट्टी, एक जुनं एटीएम कार्ड आणि शक्य असेल तर घरातली जुनी एक्स-रे फिल्म घेऊन बसा. कशाला ते कळेलच.

विषय आहे स्क्रॅच-बिल्डिंग. रेसिंग कारचं छोटं मॉडेल बनवायचं, पण दुकानातून आणलेल्या तयार पार्टांनी नाही. विंग, सस्पेन्शनचे दांडे, ब्रेकची डिस्क, सीटबेल्ट, सगळं कच्च्या मालातून आपण कापायचं, घासायचं, जोडायचं. किट म्हणजे तयार पार्टांचा डबा: तामियासारख्या जपानी कंपन्यांचे असतात, छान असतात. पण ते आपल्या तालुक्याच्या गावात मिळत नाहीत, मागवले तर महाग पडतात, आणि हवी ती गाडी त्यात असेलच असं नाही. गंमत म्हणजे ज्यांच्याकडे किट असतं, तेही त्यातले बरेच पार्ट काढून टाकतात आणि स्वतः बनवतात. का? त्याचं उत्तर एका शब्दात आहे: जाडी. आजचा अख्खा भाग या एका शब्दावर आहे.

०२:१५ स्केल म्हणजे काय, किल्ल्यावरून समजून घेऊ

दिवाळीत आपण किल्ला करतो. बुरूज वीतभर, आणि त्याच्या शेजारी उभा केलेला मावळा बुरुजाच्या खांद्याला लागतो. शिवाजी महाराज तर दरवाज्यातून आत जाऊच शकत नाहीत. किल्ल्याची मजा त्याने कमी होत नाही, पण तिथे स्केल एक नाही. बुरूज एका हिशेबाने लहान झालाय, मावळा दुसऱ्या.

स्केल मॉडेलमध्ये एकच हिशेब सगळ्याला. आपण आज एकास वीस घेऊ. म्हणजे खऱ्या गाडीवरचं कुठलंही माप भागिले वीस. लांबी भागिले वीस, चाक भागिले वीस, आणि बहुतेक जण इथेच थांबतात. पत्र्याची जाडी? तीही भागिले वीस. सीटबेल्टची जाडी? तीही. लांबी-रुंदी बरोबर करूनही मॉडेल खेळण्यासारखं दिसतं, त्याचं कारण बहुतेक वेळा हेच असतं.

०४:०० कुठली गाडी घ्यायची?

उदाहरणासाठी आपल्या महाराष्ट्राशी नातं असलेली गाडी घेऊ. फॉर्म्युला ई, म्हणजे इलेक्ट्रिक रेसिंग गाड्यांची मालिका, २०१४ मध्ये सुरू झाली. तिच्या पहिल्या सीझनपासून त्यात महिंद्रा रेसिंग आहे, आपल्या मुंबईच्या महिंद्रा कंपनीची टीम. पहिल्या सीझनला गाडी चालवायला करुण चंढोक आणि ब्रूनो सेना होते. ११ फेब्रुवारी २०२३ ला हैदराबादच्या रस्त्यांवर भारतातली पहिली फॉर्म्युला ई शर्यत झाली, तेव्हा महिंद्राची गाडी होती एम९इलेक्ट्रो.

स्क्रॅच-बिल्डिंगला ही गाडी सोयीची आहे. ती ज्या जेन३ पिढीतली आहे, त्या गाड्यांचं अंग लढाऊ विमानासारखं कोनाकोनाचं आहे, सपाट तुकडे जोडल्यासारखं. फुगीर, गोलाईदार बॉडी शीटमधून काढणं अवघड. सपाट तुकडे मात्र पट्टी आणि कटरने निघतात.

आता मापं. जेन३ गाडीची लांबी साधारण ५०१६ मिमी, रुंदी १७००, उंची १०२३, आणि व्हीलबेस, म्हणजे पुढच्या चाकाच्या मध्यापासून मागच्या चाकाच्या मध्यापर्यंतचं अंतर, साधारण २९७०. सगळ्याला वीसने भागा:

- लांबी: २५०.८ मिमी
- रुंदी: ८५ मिमी
- उंची: ५१ मिमी
- व्हीलबेस: १४८.५ मिमी

म्हणजे शाळेच्या तीस सेंटिमीटरच्या पट्टीपेक्षा थोडी कमी लांब. टेबलावर आरामात मावते.

०६:३० जाडीचं गणित

आता एटीएम कार्ड हातात घ्या. जगातल्या बहुतेक बँक कार्डांची जाडी ०.७६ मिमी असते, हे आंतरराष्ट्रीय मानक आहे. आपल्याला ते पातळ वाटतं. पण वीसने गुणा: १५.२ मिमी. म्हणजे या कार्डाची विंग कापली, तर खऱ्या गाडीवर दीड सेंटिमीटर जाडीची फळी लावल्यासारखं होईल. रेसिंग कारच्या विंगच्या टोकाला जी उभी पाती असते, एंडप्लेट म्हणतात तिला, ती कार्बन फायबरची असते आणि काही मिलिमीटरचीच असते.

मग किटमधले पार्ट जाड का असतात? कंपनीला कळत नाही का? कळतं. पण ते पार्ट मोल्डिंगने बनतात. वितळलेलं प्लॅस्टिक दाबाने साच्यात ढकलतात. साच्यातली फट फार अरुंद असेल, तर प्लॅस्टिक शेवटच्या कोपऱ्यापर्यंत पोचायच्या आत थंड होतं आणि पार्ट अर्धवट निघतो. शिवाय पार्ट साच्यातून न तुटता बाहेर यायला हवा. म्हणून जाडी ठेवावीच लागते. मोल्डिंगचा एक मिलिमीटर म्हणजे खऱ्या गाडीवरचे दोन सेंटिमीटर! मोठ्या कंपनीला जे परवडत नाही, ते आपण शीट कापून करू शकतो. आपल्या हाताची खरी ताकद इथे आहे.

घरात काय काय सापडतं, आणि एकास वीसमध्ये ते खऱ्या गाडीवर किती जाडीचं ठरतं, ही यादी:

- जुनं एटीएम कार्ड, ०.७६ मिमी: १५ मिमी. आतला सांगाडा, तळाची फळी.
- एक्स-रे फिल्म, साधारण ०.१८ मिमी: ३.६ मिमी. विंगची पाती, एंडप्लेट.
- झेरॉक्सचा साधा कागद, साधारण ०.१ मिमी: २ मिमी. छोटी झाकणं, पट्ट्या.
- गोळ्यांच्या पाकिटामागची ॲल्युमिनियमची फॉइल, साधारण ०.०२ मिमी: अर्धा मिमीच्या आसपास. उष्णता अडवणारा पत्रा, बकल.
- २२ नंबरची वाइंडिंग तार, ०.७१ मिमी: १४ मिमी. दांडे.
- ३० नंबरची वाइंडिंग तार, ०.३१ मिमी: ६ मिमी. नळ्या, केबल.

वाइंडिंगची तार कुठे मिळेल, हे आपल्याकडे सांगायलाच नको. विहिरीवरची मोटर जळली की आपण जिथे जातो, ते मोटर रिवाइंडिंगचं दुकान. तिथे एसडब्ल्यूजी नंबरप्रमाणे तांब्याच्या तारांची रिळं असतात. नंबर वाढला की तार बारीक होते, एवढं लक्षात ठेवा. जळक्या मोटरीतून काढलेली तार घेऊ नका, ती कडक आणि वाकडी असते. नव्या तारेचे हातभर तुकडे पुरतात.

वस्तू वेगळी, दिसणं तेच, ही युक्ती आपल्या तालुक्याला नवी नाही. अजिंठ्याच्या १९ आणि २६ नंबरच्या लेण्यांत वर बघा. छताला कमानदार फासळ्या दिसतात. लाकडी छपराला कड्या असतात, त्यांची ती दगडातली नक्कल आहे. छत पेलायला दगडाला त्यांची गरज नव्हती. तरी कोरणाऱ्यांनी अंतर आणि जाडी सांभाळली, म्हणून ते लाकडी छपरासारखं वाटतं. आपण प्लॅस्टिकमधून कार्बन फायबर दाखवतोय, एवढाच फरक.

१०:४० फोटोवरून माप कसं काढायचं?

लांबी-रुंदी इंटरनेटवर मिळते. सस्पेन्शनच्या दांड्याची जाडी कोणी लिहून ठेवत नाही. ती फोटोतून काढायची.

पहिली पायरी: गाडीचा अगदी बाजूने, लांबून झूम करून काढलेला फोटो शोधा. जवळून काढलेल्या फोटोत पुढचं चाक मोठं आणि मागचं लहान दिसतं, तो चालणार नाही. फोटो स्क्रीनवर मोठा करा आणि दोन चाकांच्या मध्यांमधलं अंतर पट्टीने मोजा. समजा ते ९९ मिमी आलं. खरं अंतर २९७० मिमी. म्हणजे स्क्रीनवरचा १ मिमी हा खरा ३० मिमी.

दुसरी पायरी: त्याच फोटोत टायरची उंची मोजा. समजा २२ मिमी आली. बावीस गुणिले तीस, म्हणजे ६६० मिमी.

तिसरी पायरी: आता टायर हीच तुमची पट्टी झाली. चाकाजवळचा, सस्पेन्शन दाखवणारा फोटो घ्या. त्यात टायर ६६ मिमी आणि दांडा २ मिमी दिसत असेल, तर दांडा खरा २० मिमी. भागिले वीस, मॉडेलवर बरोबर १ मिमी.

मधले आकडे मी समजण्यासाठी घेतलेत, तुम्ही तुमच्या फोटोतले घ्या. आणि एक धोका ध्यानात ठेवा. या गाडीची रिम १८ इंची आहे, म्हणून बरेच जण रिमलाच पट्टी मानतात. पण १८ इंच हे माप टायर जिथे बसतो तिथलं असतं. बाहेर दिसणारी कड त्याहून मोठी असते. तिथे चुकलं की पुढचं सगळं चुकतं.

१३:३० चला, पार्ट बनवू

पहिला: विंगची पाती. एक्स-रे फिल्म कोमट पाण्यात भिजवा, वरचा थर मऊ पडला की घासून काढा. उरते ती पारदर्शक, चिवट फिल्म. आकार कागदावर काढून त्यावर चिकटवा आणि नव्या ब्लेडने कापा. एका दमात दाबून कापू नका. हलक्या हाताने तीन-चार वेळा त्याच रेषेवरून ब्लेड फिरवा. फिल्म पॉलिएस्टरची असते, त्यामुळे प्लॅस्टिक मॉडेलचा सोल्युशन-गोंद तिला धरत नाही. जोडायची कड बारीक पॉलिश पेपरने खरखरीत करा आणि फेविक्विकचा टिपूस टाचणीच्या टोकाने लावा. थेट ट्यूबमधून कधीच नाही, कारण एक थेंब एकास वीसमध्ये तांब्याभर होतो.

दुसरा: सस्पेन्शनचे दांडे. चाक आणि बॉडी यांच्यामध्ये इंग्रजी व्ही अक्षरासारखे दांडे असतात, त्यांना विशबोन म्हणतात. आधी तार सरळ करा. एक टोक खिळ्याला गुंडाळा, दुसरं पकडीत धरून सावकाश ओढा. तार किंचित ताणली गेल्याचं हाताला कळतं, तिथे थांबा. ती सुतासारखी सरळ होते, बोटांनी कितीही सरळ केली तरी होणार नाही इतकी.

पण खरे दांडे गोल नसतात. हवा कापावी म्हणून ते चपटे असतात. त्यामुळे तार ऐरणीवर किंवा जाड लोखंडी पट्टीवर ठेवून हातोडीने अगदी हलके ठोके द्या, आणि कडा कानशीने घासा. दोन चपट्या तारा व्हीमध्ये जोडल्या की चाकाजवळचा भाग एकदम खरा वाटायला लागतो.

हा दांडा किती महत्त्वाचा, ते सांगतो. हैदराबादनंतर दोनच आठवड्यांनी, २५ फेब्रुवारी २०२३ ला केपटाउनला शर्यत होती. महिंद्राला आपल्या गाडीच्या मागच्या सस्पेन्शनच्या मजबुतीबद्दल शंका आली, आणि टीमने क्वालिफाइंगच्या आधीच गाड्या काढून घेतल्या. शर्यतीचे पॉइंट गेले, पण ड्रायव्हरचा जीव धोक्यात घातला नाही. तुम्ही एक मिलिमीटरची तार ठोकत असता, तेव्हा तो भाग खऱ्या गाडीत काय पेलतो हे माहीत असेल, तर तुम्ही ती कुठेही कशीही चिकटवणार नाही.

तिसरा: ब्रेक डिस्क. कार्डातून ओबडधोबड गोल कापा, मध्ये भोक पाडून त्यातून नट-बोल्ट घाला आणि बोल्ट ड्रिल मशीनमध्ये पकडा. मशीन हळू फिरवत कडेला पॉलिश पेपर टेकवा. झाला तुमचा लेथ. गोल इतका अचूक येतो की कंपासने कापून येणार नाही. आतून हवा खेळणारी डिस्क दाखवायची असेल, तर फिल्मच्या दोन चकत्यांमध्ये थोडी लहान चकती घाला. कडेला बारीक फट दिसते.

आता थांबा. चारही चाकांना डिस्क लावायला घेतल्या असतील, तर आधी गाडी बघा. जेन३ गाडी सादर झाली तेव्हा तिची खासियतच ही होती की मागच्या चाकांना नेहमीचे हायड्रॉलिक ब्रेक नाहीत. मोटर उलट काम करते, गाडीचा वेग कमी करते आणि ती ऊर्जा बॅटरीत परत पाठवते. 'गाडी म्हटलं की चार डिस्क' या सवयीने बनवलं, तर मॉडेल चुकलं. शिवाय सीझन चालू असतानाही गाड्यांमध्ये बदल होतात. म्हणून आधी ठरवा की आपण कुठल्या शर्यतीतली गाडी करतोय, आणि त्याच शर्यतीचे फोटो समोर ठेवा.

चौथा: सीटबेल्ट. रेसिंगच्या बेल्टचे पट्टे साधारण दोन ते तीन इंच रुंद असतात. म्हणजे मॉडेलवर अडीच ते पावणेचार मिमी. बटर पेपर रंगवा, पट्ट्या कापा, बकल गोळ्यांच्या फॉइलमधून. पट्टी सीटवर चिकटवण्याआधी थोडी ओलसर करून दुमडा, म्हणजे ती वजनाने पडल्यासारखी बसते. ताठ उभा बेल्ट लगेच खोटा दिसतो.

केबलसाठी ३० नंबरची तार. इलेक्ट्रिक गाड्यांत हाय व्होल्टेजच्या केबलींना नारंगी आवरण असतं. ते फोटोत दिसत असेल तिथेच नारंगी रंग द्या, सगळीकडे नको.

१९:२० काय करायचं नाही

कार्बन फायबरची वीण. सगळ्यांना ती दाखवायची हौस असते. पण हिशेब करा: खरी वीण दोन मिलिमीटरची असेल, तर मॉडेलवर ०.१ मिमी. हातभर अंतरावरून ती डोळ्याला दिसणारच नाही. जाळी ठेवून रंग मारलात तर ती पुन्हा किल्ल्यावरचा मोठा मावळा होते. अर्धवट चमक असलेला काळा रंग पुरे.

२०:३० जपून करा

हा भाग ऐकल्याशिवाय पुढे जाऊ नका.

फेविक्विकसारखा गोंद आणि कापूस यांची गाठ पडू देऊ नका. आपल्या घरांत कापूस कायम हाताशी असतो, आणि सांडलेला गोंद पुसायला तोच उचलला जातो. हा गोंद कापसावर पडला की तो झपाट्याने घट्ट होतो आणि इतकी उष्णता निघते की चटका बसतो, धूरही येऊ शकतो. सुती कपड्यावर सांडला तरी तेच. पुसायला प्लॅस्टिकचा तुकडा घ्या. बोटं चिकटली तर ओढू नका, कोमट साबणाच्या पाण्यात धरा.

बारीक नळीसाठी काही जण इंजेक्शनची सुई वापरतात. वापरलेली सुई कुठूनही उचलू नका, कितीही धुतली तरी नाही. लहान मुलांनी तर सुईच्या वाटेला जाऊच नये. बारीक वायरमधली तांब्याची तार ओढून काढली की जे प्लॅस्टिकचं आवरण उरतं, तीच छान नळी आहे.

आणि पॉलिश पेपरने घासताना पाणी लावून घासा, धूळ उडत नाही. तार कापताना टोक डोळ्याकडे उडतं, म्हणून चष्मा लावा.

२२:४५ 'याचा उपयोग काय?'

असं एका श्रोत्याने आधीच विचारून ठेवलंय. घरचेही विचारतीलच. खरं सांगायचं तर मॉडेल विकून घर चालेल, असं मी म्हणणार नाही.

पण आज आपण काय काय केलं ते मोजा. फोटोवरून माप काढलं. दशांश मिलिमीटरमध्ये विचार केला. तार सरळ केली, चकती गोल केली, आणि मोल्डिंगमध्ये पार्ट जाड का होतो हे समजून घेतलं. आयटीआयला फिटर, टर्नरच्या वर्गात व्हर्निअर कॅलिपर हातात देतात, तेव्हा हेच सुरू होतं. छत्रपती संभाजीनगरला इंडो-जर्मन टूल रूम आहे, तिथे टूल आणि डाय बनवण्याचं शिक्षण मिळतं. साच्यात प्लॅस्टिक कोपऱ्यापर्यंत का पोचत नाही, हा तिथला रोजचा प्रश्न. वाळूजला १९८५ पासून बजाज ऑटोचा कारखाना आहे, शेंद्र्याला स्कोडाचा. त्यांच्या भोवती सुटे भाग बनवणारी वर्कशॉप आहेत. तिथे अर्धा मिलिमीटर चुकला की माल परत येतो.

आणि मॉडेल म्हणजे पोरखेळ, असं कोणी म्हटलं तर हे सांगा: फॉर्म्युला वनच्या टीम हवेच्या बोगद्यात, म्हणजे विंड टनेलमध्ये, पूर्ण आकाराची गाडी तपासत नाहीत. नियमाप्रमाणे जास्तीत जास्त ६० टक्के आकाराचं मॉडेल वापरतात. खऱ्या गाडीचे निर्णय मॉडेलवर होतात, म्हणून ते अचूकच असावं लागतं.

२५:०० या आठवड्याचं काम

अख्खी गाडी करायला घेऊ नका. एकच एंडप्लेट करा, पण दोन वेळा. एक एटीएम कार्डातून, एक एक्स-रे फिल्ममधून. आकार तोच, रंग तोच काळा. दोन्ही शेजारी उभ्या करा आणि घरातल्या कोणाला तरी विचारा, यातली खऱ्या गाडीची कुठली वाटते? काय उत्तर आलं ते फोटोसकट कळवा. फोटोत शेजारी पट्टी ठेवायला विसरू नका.

पुढच्या भागात चाकं आणि टायर. तोवर ब्लेड जपून वापरा, आणि मोजल्याशिवाय कापू नका. भेटू!